दोन धुरांचं घर

नव्या चुलीच्या चिखलानं भरलेले हात पदराला न पुसताच शेवंता अंगणाच्या मधोमध उभी राहिली, आणि ज्या आवाजानं तिनं सोळा वर्षं या घरातल्या माणसांना जेवायला हाका मारल्या होत्या त्याच आवाजात म्हणाली, "आजपासून या घरात दोन चुली."

जानराव, तिचा नवरा, पहिल्या पाळीची ड्यूटी करून नुकताच भिलाईच्या पोलाद प्लांटमधून आला होता. सायकल भिंतीला टेकलेली, डब्याची पिशवी अजून हँडललाच लटकलेली. ओट्यावर तिचा दीर पंजाबराव दोरी वळत बसला होता, आणि त्याची बायको ललिता, सातव्या महिन्यानं जड झालेली, सूप मांडीवर घेऊन तांदूळ निवडत होती. फाटकाशी गावचा कोतवाल केवलराम काठी टेकून उभा होता. रोज याच वेळी तो या गल्लीतून फिरे, आणि शेवंतानं वेळ हेरूनच तोंड उघडलं होतं.

पंजाबला ती थट्टा वाटली. "वहिनी, काल भाजीत मीठ जास्त झालं म्हनलं, त्याचा राग दिसून राहिला. दादा, सांभाळ बापा, आज आपल्याले उपाशी ठेवते हे."

"हसू नको," शेवंता म्हणाली. "बावीस वर्षांचा घोडा झाला. शेतात रेती साचली म्हणून घरात पाय पसरून बसला. तुहा भाऊ रोज वीस मैल सायकल हाणते, अन् तुमी दोघं त्याच्या पगारावर जेवता. क्वार्टर भेटून दोन वर्षं झाली, कुलूप लावून ठेवलं हाय. तिथं नळ हाय, लाइट हाय. मले तिथं राहाचं हाय."

सूप ललिताच्या मांडीवरून घसरलं. जानराव दोन पावलं पुढं आला. "कावून वं, काय झालं तुले? कोणी काही बोललं का?"

"कोणी नाई बोललं. मलेच बोलाचं होतं."

पंजाबच्या चेहऱ्यावरचं हसू अजून पुरतं विझलं नव्हतं. तो उठून तिच्याजवळ आला, लहानपणी यायचा तसा, मान जराशी तिरपी करून. "माये," तो हळूच म्हणाला. लाडात आला की तो तिला असंच म्हणे. "असं नको ना बोलू."

आणि शेवंताच्या अंतःकरणात जे काही कोमल, जे काही ओलं होतं, त्यावर पाय देऊन ती बोलली. "माय कोणाची? तू काय माझ्या पोटचा हाय?"

पंजाबची मान सरळ झाली. त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग त्या ओल्या, नव्या चुलीकडे, आणि पाठ फिरवून तो नदीच्या वाटेनं चालू लागला. शेवंता खाली बसली, चुलीला माती थापू लागली, आणि तिचे ओठ आतल्या आत हलत राहिले…

नव्या चुलीला ग बाई, माती शिवनाथची,
कशी लोटू दूर लेकरं, वाढविली हातची…

चौदा वर्षांची नवरी होऊन ती या घरात आली तेव्हा सासू कधीच गेलेली होती, आणि सहा वर्षांचा पंजाब नाक गळत, उघडा, दारात उभा होता. नव्या वहिनीला पाहून त्यानं पहिला प्रश्न केला होता, "तुले भाकर येते का?" त्या दिवशी तिनं त्याला आंघोळ घातली, भाकर चुरून दिली, आणि तिची स्वतःची कूस पुढं कधी उजवली नाही तरी तिला पोरकं वाटलं नाही, कारण गोवर आला तेव्हा रात्रंदिवस मांडीवर घ्यायला, शाळेतून पळून आला तेव्हा कान धरायला, बोहल्यावर चढला तेव्हा डोळे पुसायला तिला हा एक लेक होता. सासरा धोंडबा विदर्भातून आला होता तो प्लांटच्या बांधकामावर घमेलं उचलायला. डोक्याला चट्टा पडेस्तोवर घमेलं वाहून त्यानं शिवनाथच्या काठी तीन एकर जमीन घेतली, आणि त्या दिवशी बांधावर बसून हा कणखर माणूस हमसून हमसून रडला, कारण सात पिढ्यांत त्यांच्या माणसांनी दुसऱ्याची माती खणली होती, आपली म्हणून पाऊल ठेवायला वीतभर नव्हती. मरताना तो एवढंच म्हणाला, "एक पोरगा कारखान्यात, एक आपल्या मातीत. पंजाबच्या डोक्यावर घमेलं येऊ देऊ नका." हे तो मुलांना नव्हे, शेवंताला म्हणाला होता.

आणि या दोन चुलींच्या वर्षी भादव्यात शिवनाथ गावात शिरली. तिसऱ्या दिवशी पाणी ओसरलं तेव्हा पोटरीला आलेल्या धानाच्या जागी मांडीएवढी रेती पसरली होती, पांढरीशुभ्र, जणू शेतावर कुणी कफन ओढलं. पगारातून ती रेती उपसणं म्हणजे चमच्यानं नदी आटवणं. पंजाब आठ दिवस एकटा फावडं मारत राहिला आणि नवव्या दिवशी म्हणाला, "वहिनी, ठेकेदार माणसं लावून राहिला. जातो मी घमेलं उचलाले. पोट तं भरंल."

तेवढ्यात भोपाळहून हुकूम आल्याची बातमी पसरली: पुरानं शेत गेलेल्यांना सरकार राहत, म्हणजे मदतीचे पैसे, देणार, रेती काढायला अन् बियाण्याला. पटवारी पाहणीला आला तेव्हा घरात शेवंता एकटीच होती. ओट्यावर बसून चहा पीत, कागद चाळत तो सहज म्हणाला, "बाई, आपका नहीं बनेगा. बड़ा भाई प्लांट की नौकरी में, और चूल्हा एक. पगारवाले घर का नाम कट जाता है. चूल्हा अलग होता तो छोटे का नाम चढ़ जाता. सोमवार को पंचनामा है, तब तक जो है सो है."

तो गेला, आणि शेवंता किती तरी वेळ त्याच्या रिकाम्या कपाकडे पाहत बसली.

दुसरं कुणी असतं तर नवऱ्याला म्हणालं असतं, सांगा ना चूल वेगळी आहे म्हणून, कोण पाहायला येतंय. पण जानरावला ती ओळखत होती. प्लांटमध्ये भरतीच्या वेळी बाबू आपणहून म्हणाला होता, वय दोन वर्षांनी कमी लिहितो, दोन वर्षं नोकरी जास्त होईल, सगळेच लिहितात. हा भोळा माणूस म्हणाला, "माझ्या मायनं मले जेव्हा जन्म देल्ला तेव्हाच देल्ला. तुमी कोण बदलणारे?" रोज सकाळी बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोसमोर उभं राहून जो माणूस खोटं न बोलण्याचं शील घेई, तो सोमवारी पंचांपुढे खोटं बोलणार नव्हता. केवलराम कोतवालही तसाच. पाहणीत त्याची साक्ष असे, आणि कुणाच्या छपरातून किती धूर निघतात हे तो डोळ्यांनी पाहून सांगे, ऐकून नाही.

खोटं कुणीच बोलणार नव्हतं. मग… ते खरंच व्हायला हवं होतं.

आणि खरं व्हायचं तर कुणाला सांगायचं नव्हतं. सांगितलं असतं तर ते नाटक झालं असतं, आणि नाटक जानरावच्या तोंडावर दिसलं असतं. घर खरंच फुटायला हवं होतं, आणि फुटायचं तर ते तिच्याच हातून, कारण घर बायको फोडते हे जगाला मान्य होतं. त्यासाठी पुरावा लागत नाही.

सोमवारी पंचनामा झाला. पंजाब शेतात जरिबेची साखळी धरून मोजणी देत होता, आणि इकडं ओट्यावर पटवाऱ्यानं केवलरामला विचारलं. म्हातारा म्हणाला, "दू ठन धुआँ हे साहेब. चार दिन ले देखत हौं." दोन धूर, चार दिवसांपासून दिसणारे. मग पटवारी जानरावकडे वळला. खांबाला धरून उभा होता तो, आणि शेवटी त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "हो साहेब," तो म्हणाला. "अलग झालो आमी." त्या अश्रूंहून मोठी सही कोणत्या कागदाला लागते! पटवाऱ्यानं मान खाली घालून लिहिलं. दाराआड उभ्या शेवंतानं पदराचा बोळा तोंडात कोंबला होता.

राहत आली. ट्रॅक्टर आले, रेती उपसली गेली, खाली ती काळी माती पुन्हा उघडी झाली. पण ते पाहायला शेवंता तिथं नव्हती. ती प्लांटच्या क्वार्टरमध्ये होती, जिथं नळ होता, लाइट होती, आणि भिंतींना कुणाचाच वास नव्हता.

तिनं मनाशी ठरवलं होतं, एक पीक हाती आलं की सांगायचं. पण ललिताला मुलगी झाली, नामकरणाला शेवंतानं हौसेनं शिवलेलं झबलं-टोपडं पाठवलं, ते घडी न मोडता परत आलं. सोबत निरोप होता, "पोटच्यांले घाला म्हणा." तिच्या काळजावर तिचीच सुरी परत आली होती. तरीही ती सांगणारच होती. एका संध्याकाळी जानराव ड्यूटीहून येऊन बूट काढत बसला असता तिनं शब्द जुळवले, "आयकलं का, त्या दिवशी पंचनाम्यात तुमी…"

"त्या दिवसाचं नाव काढू नको, शेवंते," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "भाऊ गेला माझा त्या दिवशी. पण एक गोष्टीचं समाधान हाय. रडलो, पण पंचांपुढं खोटं नाई बोललो."

शेवंतानं त्याचे बूट उचलून कोपऱ्यात ठेवले. आता सांगायचं म्हणजे या माणसाला सांगायचं, की तुझं ते रडणं, तुझं ते खरेपण मी एका कागदासाठी वापरलं, ज्या तोंडातून जन्मात खोटं निघालं नाही त्या तोंडून मी माझा डाव वदवून घेतला. तो उठून सरळ तहसीलला गेला असता. उपसलेली रेती त्यानं आपल्या हातांनी पुन्हा शेतात भरली असती, असा तो माणूस. आणि नसता गेला, तरी सकाळी फोटोसमोर उभं राहताना त्याची मान ताठ राहिली नसती. ती ताठ मान तिला आपल्या सुखाहून प्रिय होती.

नळाचं पाणी ग बाई, घागर काठोकाठ,
दिराच्या अंगणाची, पुसली पायवाट…

दर रविवारी ती विहारात जाई. सगळ्या बाया एका सुरात पंचशील म्हणत, आणि चौथं, खोटं न बोलण्याचं शील आलं की शेवंताचा आवाज खाली जाई. शेजारच्या सिंधुताई कोपर मारून म्हणत, "काऊन वं, तिथंच तुले खोकला येते दरखेपी?" ती हसे. गावाकडची कुणी बाई बाजारात भेटली तर मुद्दाम विचारी, "मग शेवंताबाई, नळाले पाणी बरं येते ना?" तिथंही ती हसे.

जानराव वर्षातून दोनदा एकटाच गावी जाऊन येई. येताना धानाची पिशवी आणी, आणि न सांगता सगळं सांगून जाई: शेत कसं डोललं, पोरगी शाळेत जाऊ लागली, पंजाब पंच म्हणून निवडून आला. शेवंता पाठ करून भांडी घाशी, आणि एकेक शब्द कोरड्या मातीनं पाणी प्यावं तशी पिई.

दहा वर्षांनी जानरावच्या छातीत पाणी झालं. प्लांटच्या सेक्टर नऊमधल्या दवाखान्यात, खिडकीशेजारच्या खाटेवर, एका दुपारी त्यानं तिचा हात हातात घेतला. दहा वर्षांत पहिल्यांदा.

"शेवंते, एक गोष्ट समजली नाई मले. तू तं नदीचं पाणी पिणारी बाई. तुले तो नळ एवढा गोड कसा लागला वं?"

तिचं तोंड उघडलं. सगळं जिभेवर आलं होतं… पण उशीवरचा तो चेहरा इतका स्वच्छ, इतका निर्मळ होता की त्यावर एक ओरखडा काढायचा तिला धीर झाला नाही.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

"जाऊ दे," तो म्हणाला, आणि तिच्या हातावर हळू थोपटलं. "माफ केलं मी तुले."

तिनं न केलेल्या अपराधाची क्षमा करून, दुसऱ्या दिवशी पहाटे तो गेला. ती क्षमा तिच्या पदरात तप्त निखाऱ्यासारखी राहिली. पंजाब आला, भावाला खांदा दिला, आणि वहिनीकडे मान वर करून न पाहता परत गेला.

क्वार्टर सोडावं लागलं. रिसालीच्या जुन्या वस्तीत एक कौलारू खोली तिनं भाड्यानं घेतली. तिथं नळ नव्हता.

वर्ष उलटलं. पहिल्या स्मृतिदिनी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम तिनं खोलीपुढच्या अंगणात ठेवला. पंजाबला तिनं रीतीनं पत्र पाठवलं होतं, पण तो येईल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. सकाळी हापशीवरून डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी घेऊन ती वळणावर आली तर समोर तो उभा. कानशिलं वयाआधीच पांढरी झालेली. मागं ललिता, आणि हाताशी दहा-अकरा वर्षांची पोर, डोळे हुबेहूब जानरावचे.

पंजाब त्या हंड्याकडे पाहत राहिला.

"नळ?" त्यानं विचारलं.

"नाई इथं," शेवंता म्हणाली, आणि उगाच घाई करत पुढं झाली. "या, बसा. भंतेजी येतीलच आता."

त्यानं पुढं होऊन तिच्या डोक्यावरचा हंडा उतरवून घेतला. तिला वाटलं, लोक पाहतात म्हणून.

अंगणात सतरंजी भरली. विहारातल्या बाया होत्या, प्लांटमधले जानरावचे सोबती होते, गावाकडची पाच-सात माणसं होती. काठी टेकत म्हातारा केवलरामही आला होता, आणि शेवंताला जरा नवलच वाटलं. वंदना झाली. भंतेजींनी विचारलं, दिवंगतांबद्दल दोन शब्द कोण बोलतं? पंजाब उठला. तो लोकांकडे वळला नाही. हार घातलेल्या भावाच्या फोटोसमोर जाऊन, हात बांधून, शाळेत गुरुजींपुढं उभं राहावं तसा उभा राहिला.

"दादा," तो म्हणाला, "यंदा पाणी आलं नाई. गावात दुष्काळाचं पंचनामं झालं. मी पंच म्हणून बसलो होतो. एका शेतकऱ्याचं नाव बाबूनं काटलं. मी म्हनलं, कावून काटता साहेब, याच्या शेतात काडी नाई उरली. बाबू म्हणाला, याचा भाऊ भिलाई-तीनले रेल्वेत हाय अन् चूल एक. चूल वेगळी असती तं भेटलं असतं." त्यानं फोटोतल्या भावाकडे मान वर केली. "दादा, मी घरी आलो अन् जेवलो नाई. केवलराम ककाले विचारलं, आमच्या पुराच्या वर्षी पटवाऱ्यानं काय विचारलं होतं? कका म्हणाला…"

"धुआँ," मागून म्हातारा पुटपुटला. "उही पूछे रिहिस. धुआँ के ठन हे."

"धूर किती, हेच विचारलं होतं. अन् कका म्हणाला, पटवारी त्याच्या पाच दिवस आधी आपल्या ओट्यावर चहा पिऊन गेला होता. घरात वहिनी एकटी होती." पंजाबनं फोटोच्या चौकटीला दोन्ही हातांनी धरलं. "दादा, वहिनीनं घर फोडलं नाई. मी घमेलं उचलू नये म्हणून तिनं सोताले फोडलं. अकरा वर्षं लोकायच्या शिव्या खाल्ल्या, माह्या शिव्या खाल्ल्या, तुही नाराजी खाल्ली, अन् चकार शब्द नाई काढला. ज्या भाकरीवर मी जगून राहिलो दादा, ते तिच्या बदनामीची हाय. तू खोटं नाई बोलला, तू खरंच बोलला. मी तुले सांगाले आलो, बाकी कोणाले नाई."

सिंधुताईंनी डोळ्यांना पदर लावला. गावाकडच्या बाया, ज्यांनी नळाचं पाणी विचारलं होतं, खाली पाहू लागल्या. ललिता उठली, पोरीचा हात धरून शेवंतापाशी आली आणि तिच्या मांडीवर डोकं टेकून रडू लागली. तिच्या केसांवरून शेवंताचा हात आपोआप फिरत होता, पण तिची नजर पंजाबच्या पलीकडे, त्या फोटोवर खिळली होती. ज्या गोष्टीचा एकही शब्द तिला जन्मभर उच्चारता आला नव्हता, ती आज कुणी तरी त्याला सांगितली होती, मोठ्यानं, सगळ्यांदेखत…

पंजाब येऊन तिच्या पायाशी बसला. "वहिनी, मार मले. काही तरी बोल."

तिनं त्याच्या पांढऱ्या झालेल्या कानशिलावर बोटं ठेवली.

"पंजाब," ती लहान पोरीसारख्या आवाजात म्हणाली, "त्यायले आयकू गेलं असंल का रे?"

"गेलं, वहिनी. गेलंच असंल."

"मग ते मले काही म्हणत कावून नाईत?"